लेकीच्या हातचं पाणी

प्रिय मंदाताई,

उद्या ती घरी जाते आहे. म्हणून आज लिहायला बसलो.

तुम्ही म्हणाल, सहा महिने झाले, आता आठवण आली का भाऊ? आठवण रोजच होती, ताई. लिहायचा धीर होत नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्यावर एकदा लिहिलं होतं. तासाभरात, दोनशे शब्द, पानावर जेवढी जागा उरली होती तेवढं. 'बालकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या', 'कधीही भरून न निघणारी पोकळी' वगैरे. तुमच्या मुलीने ते कात्रण फ्रेम करून लावलं आहे. मला ते बघवत नाही. पोकळी नेमकी कुठे पडली होती, हे त्या दिवशी मला कुठे माहीत होतं?

ती कोण, हे तुम्हाला सांगायला नको. तिचं नाव मी या पत्रातही लिहीत नाही. गावही नाही. रामाकोना नाही, मोहगाव नाही, बोरगाव नाही, एवढंच. तुमच्याकडूनच शिकलो, पण उशिरा.

गेल्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीयेच्या आधी, तुम्ही तिचं लग्न थांबवलं. पंधरा वर्षांची, नववीतली मुलगी. तुम्ही कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला बातमी दुसरीकडून लागली. मी लिहिली. नाव दिलं नाही, याचा मला अभिमानही होता. पण वाचकाच्या डोळ्यांपुढे मुलगी उभी राहावी म्हणून दोन ओळी टाकल्या: ती एका खेळात जिल्ह्यापर्यंत गेली आहे, आणि तिच्या वडिलांची संत्र्याची वाडी नाल्याकाठी आहे. तीस वर्षं हेच करत आलो होतो. बारीक तपशील टाकला की बातमी जिवंत होते.

झाली जिवंत. अख्ख्या तालुक्यात त्या खेळात जिल्ह्यापर्यंत गेलेली मुलगी एकच होती.

दुपारी तुम्ही माझ्या टेबलाशी आलात. हातात पेपरची घडी. मी खुर्ची पुढे केली, तुम्ही बसला नाहीत. आवाजही चढवला नाहीत. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"भाऊ, तुम्ही नाव लपवलं अन् पोरगी दाखवून देली."

मी नियमाचं बोललो. नाव नाही, फोटो नाही, शाळा नाही. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "नियम पाळला न? बरं झालं. आता मले सांगा, ते उद्या शाळेत कशी जाईन?"

ती गेलीच नाही. वर्गात पोरं पेपर घेऊन बसली होती, असं नंतर कळलं. संघातून तिचं नाव कमी झालं. बापाला बाजारात लोक थांबवून विचारू लागले. महाराष्ट्रातून तिचा मामा आला आणि घराचा कारभार त्याने हातात घेतला. माझ्या दोन ओळींनी त्या घराला घाबरवलं, आणि घाबरलेलं घर मुलीला लवकर उजवून टाकतं. हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत?

त्यानंतर तुमची स्कूटी बंद पडली की मला फोन यायचा. "रिकामे आहात का, दोनशे शब्दवाले?" माझी प्रत्येक बातमी तेवढ्याच शब्दांची, म्हणून हे नाव. मी मोटारसायकल काढायचो. शिक्षाच होती ती, आणि मी ती खुशीने भोगत होतो. तुम्ही घरात जायच्या, मी बाहेर निंबाखाली थांबायचो. वही-पेन तुमच्या पिशवीत जमा.

बाहेरून मला फक्त आवाज ऐकू यायचे. चहा होऊन राहिला, थांबा न ताई, असं घरातल्या बाया म्हणायच्या. तुम्ही चहा कधी घेतला नाहीत. एवढंच म्हणायच्या, "चहा नको. लेकीच्या हातचं पाणी पिऊन जातो."

आपल्याकडे पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. घर कितीही रागावलेलं असो, पाहुण्याला पाणी मिळतं. आणि लेकीच्या हातचं मागितलं तर ते घराला मानाचंच वाटतं. मला वाटायचं, ही तुमची माणसं जोडायची रीत असेल. एकदा परत येताना मी म्हणालोही, "ताई, तुम्हाला तहानेचा रोग आहे, डॉक्टरला दाखवा."

"दाखवला," तुम्ही मागून म्हणालात. "म्हणे औषध नाही. पोरगी अठराची झाली की आपोआप उतरते."

मी हसलो होतो. तुम्ही हसला होतात का? गाडी चालवत होतो, तुमचा चेहरा दिसला नाही.

आपला मुलूखही कसा, ताई. अर्ध्या तासात राज्य बदलतं. आत्या नरखेडकडे, मावशी वरूडकडे, मामा काटोलकडे, सगळे पलीकडे महाराष्ट्रात. नाती हद्द मानत नाहीत, कागद मानतात. इकडच्या मुलीसाठी निघालेला आदेश तिकडच्या मांडवात पोचेपर्यंत अक्षता पडून जातात. एकदा थांबवलेलं लग्न हद्दीपलीकडे उरकून घेतात, हे तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. म्हणून थांबवलेल्या लग्नाला तुम्ही कधी 'थांबवलं' म्हणाला नाहीत. 'पुढं गेलं' म्हणायच्या. माझा मथळा मात्र होता, 'बालविवाह रोखला'.

मग पोळ्याच्या आधीचा तो मंगळवार. सकाळी डबा भरता भरता तुम्ही ओट्याशीच बसलात आणि उठला नाहीत. मी दोनशे शब्द लिहिले. तुमच्या जागी माणूस यायला वेळ लागला. संत्र्याचा एक बहार उतरून गेला.

मागच्या महिन्यात तुमच्या मुलीने घर रिकामं करायला घेतलं. तिचा फोन आला, काका, आईच्या वह्या तिच्या संस्थेत द्यायच्या आहेत, सोबत येता का? आम्ही पलंगावर बसून त्या एकेक करून पिशवीत भरत होतो. एक उघडली गेली. उघडायला नको होती, पण उघडली.

एकाही मुलाचं नाव नव्हतं. तुम्ही सगळ्यांना तुमची नावं देऊन ठेवली होती. 'दोन वेण्या'. 'डावखुरी'. 'रताळंवाला'. एका पानावर वर लिहिलं होतं, 'पेपरातली'.

त्या शब्दावर मी बोट ठेवलं. तुमची मुलगी पलीकडून विचारत होती, काय झालं काका?

त्या पानावर फार काही नव्हतं. तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे दोन-चार शब्द. 'पाणी : ती.' पुढच्या महिन्यात, 'पाणी : ती.' त्याच्या पुढच्या, 'पाणी : ती. गिलास हलला.' आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात: 'पाणी : आई.' त्याखाली रेघ मारून, 'गुरुवारी परत.'

पुढची पानं कोरी.

ताई, तुमच्यावर माझा एक राग आहे, तो आज सांगतो. हे तुम्ही कोणाला का नाही सांगितलंत? संस्थेच्या फाइलमध्ये त्याच तारखांना लिहिलं आहे, 'गृहभेट दिली. मुलगी घरी. सुरक्षित.' शेवटच्या भेटीला 'मुलीची भेट झाली नाही', बस. फाइल वाचणाऱ्याला त्यात काय दिसणार? खरी खूण या वहीत होती, आणि वहीचा अर्थ तुमच्या डोक्यात. तुम्ही गेलात आणि ती मुलगी अर्धं वर्ष कोणाच्याच नजरेत राहिली नाही. ही चूक तुमच्यासारख्या बाईने करावी?

मग रात्रभर विचार केल्यावर कळलं. फाइल चार टेबलांवरून फिरते. आणि तालुक्यातला एक पेपरवाला बातमी कुठून तरी मिळवतोच. तुम्ही फाइलमध्ये लिहिणं कधीपासून कमी केलंत, ते मी तारखा जुळवून पाहिलं. माझ्या बातमीच्या दुसऱ्या दिवसापासून.

तुमच्या जागी आली आहे ती रूपाली. पांढुर्ण्याची, सव्वीस वर्षांची, चालणं भरभर आणि बोलणं त्याहून भरभर. तिच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त गावं आहेत. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि तुमच्या पाणी मागण्याचं सांगितलं. तिने ते पान वाचलं आणि आपली फाइल काढली. दिवाळीनंतर ती त्या घरी एकदा जाऊन आली होती. 'मुलगी मावशीकडे. पालक सहकार्य करतात.'

तिने फाइल मिटली. मग म्हणाली, "काका, मी चहा पिऊन आली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. तिच्यासोबत जायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मला घेतलं. वही-पेन घरी ठेवून या, हे तिने न सांगताच मी ठेवलं होतं.

घर तुम्ही पाहिलेलं आहे. सारवलेलं अंगण, संत्र्याच्या रिकाम्या क्रेट भिंतीशी रचलेल्या. दारात मांडव नव्हता, आंब्याचं पान नव्हतं, पाहुणा नव्हता. फक्त एक जीप उभी होती, महाराष्ट्राच्या नंबराची, तोंड रस्त्याकडे करून. आणि अंगण फार स्वच्छ होतं. आठवड्याच्या मधल्या दिवशी शेतकऱ्याचं अंगण इतकं स्वच्छ कशाला असतं? रूपालीने जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही बाजेवर बसलो.

आई हसतमुख होती. पोहे टाकते म्हणाली. मुलीचं विचारलं तर म्हणाली, "ते तं मावशीकडे हाये न जी. तिथीच शिकून राहिली आता." मामा दारात उभा होता. पांढरा शर्ट, हातात जीपची किल्ली. तो किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

रूपालीने मावशीचं गाव विचारलं. आईने एक नाव सांगितलं. फाइलमध्ये दिवाळीनंतरचं नाव वेगळं होतं. रूपालीने ते बोलून दाखवलं नाही. ऊन चढत होतं. मला वाटलं, आता उठावं लागणार.

तेवढ्यात बाप वाडीतून आला. डोक्याचा दुपट्टा सोडत अंगणात शिरला, बाजेवर पाहुणे पाहिले, आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्याने लेकीला नावाने हाक मारली, "पाणी आण वं पाहुण्याइले."

पंधरा वर्षांची सवय, ताई. पाहुणे दिसले की लेकीला हाक मारायची. त्याला बिचाऱ्याला आत काय ठरलं होतं ते माहीत नव्हतं असं नाही. पण तोंड सवयीने बोलून गेलं. किल्ली फिरायची थांबली. आईचा हात पदराशी गेला. आणि आत, माठावर, गिलास बुडाल्याचा आवाज आला.

ती आली. वर्षभरात उंच झाली आहे. ओढणी डोक्यावरून, खाली पाहत. तुम्ही बसत असाल तशीच रूपाली बाजेवर बसली होती. ती तिच्यापुढे वाकली आणि दोन्ही हातांनी गिलास पुढे केला.

तेव्हा मला कळलं, ताई. एवढे दिवस निंबाखाली उभा राहून जे कळलं नाही, ते एका क्षणात कळलं. गिलास द्यायला मुलीला जवळ यावं लागतं. दोन्ही हात पुढे करावे लागतात, मनगटं, नखं, सगळं उजेडात येतं. आणि वाकली की तिचं तोंड तुमच्या कानाजवळ येतं, तेवढ्यापुरतं घरातल्या कोणालाही ऐकू जात नाही. तुम्ही पाणी मागत नव्हतात. घरच्यांच्या देखत तिला एकटीला भेटत होतात.

तिच्या नखांत हळद होती. कानामागेही. घाईने धुतलेली, पण हळद अशी धुतली जाते का?

आईनेही ते पाहिलं की आम्ही पाहतो आहोत. म्हणाली, "काल हळद दळून आणली जी. डब्यात भरू लागली मले."

रूपालीने गिलास घेतला, पण ओठाला लावला नाही. हसून मुलीला विचारलं, कोणत्या चक्कीवरून आणली? तिने चक्कीचं नाव सांगितलं नाही. वाकलेलीच राहिली आणि श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली,

"उद्या."

मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. रूपालीने गिलास रिकामा केला, परत तिच्या हातात दिला आणि मोठ्याने म्हणाली, "लई गोड पाणी आहे तुमच्या विहिरीचं. अजून एक दे वं."

मी फोन लावायला रस्त्यापर्यंत गेलो. घराशी नेटवर्क नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. कार्यालय, बालकल्याण समिती, पोलीस ठाणं. तिकडून गाडी निघाली म्हणेपर्यंत पाऊण तास गेला. मी अंगणात परतलो तेव्हा रूपाली पाचव्या गिलासावर होती. पोरगी माठ आणि बाज यांच्या मध्ये येरझारा घालत होती, पण नजरेआड होत नव्हती. पोरीने थांबायचं आणि रूपालीने पुन्हा मागायचं. आई पोहे पुढे करत होती, रूपाली तहानेचं सांगत होती. बाप क्रेटवर बसला होता, मान खाली. त्याला सगळं समजलं होतं, आणि तरी तो उठला नाही. भीतीने की सुटल्यासारखं वाटून, मला अजून ठरवता येत नाही.

मामाने एकदा जीप सुरू केली. नुसतीच, उभ्या जागी. इंजिन थरथरत राहिलं. मुलीच्या हातातलं पाणी सांडलं. "गिलास हलला," तुम्ही लिहिलं असतंत. मी जाऊन जीपपुढे उभा राहिलो, बिडी मागण्याच्या निमित्ताने. बिडी मी ओढत नाही.

दुपार कलली तेव्हा गाडी आली. सोबत महिला पोलीस होत्या. आरडाओरडा झाला नाही. आई रडली, तेही तोंडावर पदर धरून, शेजारी ऐकतील म्हणून. मुलीने आत जाऊन फक्त दप्तर आणलं. गाडीत बसल्यावर रूपालीने पिशवीतून कंगवा काढून तिला दिला. तुमच्या स्कूटीच्या डिकीत अशा मुलींसाठी कंगवा असायचा, हे तिला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

मी मोटारसायकल वळवत होतो. तिने खिडकीतून मला हाक मारली. तिने मला ओळखलं होतं.

"काका, पेपरात छापसान काय?"

"नाही," मी म्हणालो. "नाव कुठेच येणार नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मागल्या टायमाले पन नाव नव्हतं," ती म्हणाली.

तुम्ही असता तर तिला काय उत्तर दिलं असतंत, ताई?

तेव्हापासून ती मुलींच्या निवासगृहात आहे. समितीपुढे सगळे दोनदा उभे राहिले. बापाने लिहून दिलं आहे की अठरा वर्षं पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही. सही त्याने सावकाश, पूर्ण नावाने केली आणि मला वाटतं ती सही खरी आहे. पोरीला कोणीतरी विचारलं, तुला कुठे राहायचं? ती म्हणाली, घरी. तिची परीक्षा आहे, आणि आई एकटी पडते. असंच असतं, तुम्ही म्हणायच्या. लेकरू मार खाऊनही घराकडेच बघतं. तिला घरी पाठवायचं ठरलं. दर महिन्याला भेट, शाळा सुरू, मामाने लांब राहायचं.

कागद वाचून झाल्यावर सगळे बाहेर आले. मामा रूपालीजवळ थांबला. आदराने, हात जोडून. म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे काय लई दिवस असते का ताई? आम्ही कुठी जाऊन राहिलो?"

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. तेच मला झोपू देत नाही. त्याला घाई नाही. जीप आहे, रस्ता आहे, हद्द अर्ध्या तासावर आहे, आणि वर्षात किती मुहूर्त असतात! आपल्याला मात्र एकही भेट चुकवून चालणार नाही. तुम्ही एक चुकवलीत, तीही मरण आलं म्हणून, तर हळद लागेपर्यंत गेलं.

उद्या ती घरी जाते आहे. खरं सांगू? मला भीती वाटते.

तुमच्या वहीचा अर्थ आता एका डोक्यात राहिलेला नाही. रूपालीने भेटीच्या कागदावर स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली आहे: 'पाणी कोणी आणले?' वरच्या साहेबांनी विचारलं, हे काय नवीन? ती म्हणाली, नवीन नाही साहेब, जुनंच आहे, लिहिलेलं नव्हतं. तिने संस्थेतल्या बाकीच्या दोघींनाही ते शिकवलं. ती नसेल त्या महिन्यात दुसरी जाईल. ते कागद कुलपात राहतात, आणि हे पत्रही तिथेच, तुमच्या वहीत राहील. ती अठराची होईपर्यंत याची एक ओळही मी बाहेर जाऊ देणार नाही. छापण्यासारखी बातमी आहे, ताई, चार कॉलमची. मी दोनशे शब्दसुद्धा लिहिणार नाही.

येत्या गुरुवारी पहिली भेट आहे. गुरुवार मीच मागून घेतला. तुमचा राहिला होता. मी निंबाखाली उभा राहीन. आईने पाणी आणलं तर रूपाली बाजेवरून उठणार नाही, आणि मी गाडीला किक मारणार नाही, मग संध्याकाळ होवो की सकाळ. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. 'पेपरातली'च्या पानावर कोऱ्या ओळी आहेत तेवढ्या मी मोजल्या, पुरतील. पहिल्या ओळीवर गुरुवारची तारीख टाकून ठेवली आहे. 'पाणी :' लिहून पुढची जागा सोडली आहे. त्या जागी तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात मी येऊ देणार नाही, हा शब्द तुम्हाला देतो.

तुमचा,
दोनशे शब्दवाला भाऊ,
विलास